सिद्धप्पाच्या लाल गाडीचं कॅरेज

यंत्रमागाच्या कारखान्यात कुणाचं भांडण कुणाला ऐकू येत नाही. शंभर माग एकदम चालू असले की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी नुसते ओठ दिसतात. पण त्या दिवशी लाइट गेली. सगळे माग एका दमात थांबले, आणि माझे वडील आणि माझा धाकटा भाऊ सिद्धप्पा, दोघं ओरडत होते ते ओरडतच राहिले. मी तिथं सुताच्या कांड्या भरायला जायचे. माझ्यासकट सगळ्या कारखान्यानं ते ऐकलं.

सिद्धप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचा. चादरींचे गठ्ठे नेणारा एक ट्रकवाला त्याला क्लीनर म्हणून घेऊन जायला तयार होता, पार कलकत्त्यापर्यंत. घरात आमचं बोलणं कानडी, पण भांडण तेच, मराठीत लिहिते.

वडील म्हणत होते, "रस्त्यावर ऱ्हाणाऱ्याला कोण पोरगी देतंय? माग हितं हाय, पोट हितं हाय."

"मागातला धोटासुद्दा हिकडनं तिकडं जातोय की, अप्पा. मी त्येच्यापेक्षा बी बांधलेला हाय व्हय?"

"धोटा पेटीच्या भायेर पडला तर माणसाचं डोस्कं फोडतोय. बघितलंस की तू."

यावर सिद्धप्पानं काहीतरी उत्तर दिलं. पण लाइट आली. माग सुरू झाले, आणि ते उत्तर त्याला आणि वडिलांनाच ठाऊक. ट्रक दुसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय गेला.

हे आधी सांगायचं कारण एवढंच की आमच्या भवानी पेठेत लोक म्हणतात, सिद्धप्पाला म्हातारपणी चळ लागला. सिद्धप्पा गेला त्याला आता वर्ष होईल, तरी म्हणतात. चळ म्हातारपणी लागलेला नव्हता. चाळीस वर्षं तो माणूस थांबला होता.

त्या चाळीस वर्षांत तो जॉबर झाला. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. दिवसभर मागावर ओणवा. मागाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचा, आणि त्याची बायको मात्र म्हणायची की माझी हाक तेवढी ह्यांना ऐकू येत नाही. ती गेली. मी त्याआधीच विधवा होऊन भावाकडं राहायला आले होते. मग अक्कलकोट रोडवरचा तो कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, आणि सिद्धप्पा घरी बसला. बसला म्हणजे ओणवाच. त्याची पाठ सरळ होत नव्हती. खुर्चीत बसला तरी पुढं झुकून, काहीतरी शोधत असल्यासारखा.

साठी उलटली तेव्हा एका दिवशी तो मोहोळला गेला आणि लाल गाडी घेऊन आला. ती पोरं पळवतात ना, पुढनं टोकदार, मागनं विंचवाच्या नांगीसारखी वर गेलेली, बसणाऱ्याला टाकीवर पालथं व्हावं लागतं, तसली. मोहोळच्या एका पोराचं लग्न ठरलं होतं आणि त्याला आता चारचाकी पाहिजे म्हणून त्यानं ही मोटारसायकल विकायला काढली होती.

गुरु, सिद्धप्पाचा मुलगा, कचेरीत कारकून आहे. तो संध्याकाळी आला, दारात गाडी बघितली आणि विचारलं, "कोण आलंय?"

"कोण न्हाय. माजी हाय," सिद्धप्पा म्हणाला.

गुरुनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "पप्पा, साधी घ्यायची होती. मागं कॅरेज असलेली. ह्या वयात शोभेल अशी."

"साध्या गाडीवर सरळ बसाय लागतंय. माजी पाठ सरळ हाय का? हिच्यावर बसलो की डॉक्टरनं दिलेली गोळी बी लागंना."

हे खरं होतं. मागावर वाकून वाकून पाठीला जो बाक आला होता, तो त्या गाडीला असा बसला की जणू माप घेऊन केलेला. खाली उतरला की म्हातारा, वर बसला की नीट. पेठेतली पोरं हसायची, पण मला वाटतं त्यांच्या पाठी दुखत होत्या आणि त्याची नव्हती, हा राग जास्त.

आता अडचण एकच. सिद्धप्पाला लांब जायचं होतं. समुद्र बघायचा होता, पार खाली दक्षिणेत जायचं होतं, आठ-आठ, दहा-दहा दिवस. त्याला सामान लागतं. आणि ह्या गाडीवर पिशवी ठेवायला जागा नाही. मागची सीट हातभर, तीही उतरती. बाजूला सगळं प्लॅस्टिक. उजवीकडं सायलेन्सर, हात लावाल तर भाजाल. सिद्राम वेल्डरच्या दुकानात तो कॅरेज करायला गेला, तर सिद्राम म्हणाला, "मामा, हिला कॅरेज नसतंय. कंपनीला पाहिजे असतं तर त्येनी दिलं नसतं का?"

"कंपनीनं मला इचारलं न्हाई. तू वेल्डिंगचं मशीन दे, बाकी मी बघतो."

मशीन मिळालं. बंद कारखान्यातलं एक अँगल लोखंड त्यानं जपून ठेवलं होतं, मागाच्या पायाचं. त्याचं कॅरेज केलं. चार दिवस लागले. मी बघायला गेले तेव्हा त्याला म्हणाले, "तम्मा, ह्याच्यावर म्हैस बसंल." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्याला ते कौतुक वाटलं.

तपासायचं कसं, हा प्रश्न त्यानं मला विचारला नाही, सांगितलंच. "अक्का, चोवीस कडक भाकऱ्या दे. पातळ कर."

आमच्या सोलापूरच्या कडक भाकरीचं परगावच्या माणसाला नवल वाटतं. ज्वारीची, कागदासारखी पातळ, वाळवून कडकडीत केलेली. महिना-महिना टिकते, पण धक्का लागला की चुरा. माझ्या भाकऱ्या पेठेत विकल्या जातात, त्यामुळं चोवीस काय, शंभर दिल्या असत्या. फडक्यात बांधल्या, फडकं कॅरेजला बांधलं. मोहोळपर्यंत जायचं आणि परत. भाकऱ्या शाबूत आल्या तर कॅरेज पास.

तो गेला तो टेम्पोत बसून आला. गाडी टेम्पोत आडवी. त्याचं कोपर सोललेलं, आणि फडक्यात भाकरी म्हणून एक नव्हती. नुसतं पीठ. आठ दिवस आम्ही सगळे ताकात चुरा कालवून खात होतो. सूनबाई वैजयंती एकदाही काही बोलली नाही. फक्त प्रत्येक ताटात चमचा ठेवायची.

झालं होतं असं की लोखंड जड, तेही मागं आणि उंच. पुढचं चाक हलकं पडलं. वेग घेतला तशी मूठ थरथरायला लागली, आणि कडेला घेता घेता खडीत आडवा झाला. पण खरी चूक ती नव्हती. खरी चूक त्यानं स्वतःच मला सांगितली, मी कोपराला हळद लावत होते तेव्हा.

"अक्का, मी माग केला."

"म्हंजे?"

"माग जमिनीत रोवलेला असतोय. त्येला जेवडं आवळशील तेवडं चांगलं. मी सगळं तसंच आवळलं. पर ही पळतीया की. पळणाऱ्याला कुटंतरी सैल ठेवाय लागतंय."

दुसरं कोणी असतं तर कॅरेज दुकानातनं मागवलं असतं, किंवा नाद सोडला असता. ही चूक करायला चाळीस वर्षांचा जॉबरच पाहिजे होता. दुरुस्त करायलाही तोच.

गुरु मात्र ठाम होता. "गाडी विकायची. मी माणूस बघतो," म्हणाला. "उद्या तुमचं काही झालं तर लोक मला विचारणार, म्हाताऱ्याला जाऊ कसं दिलं."

"मी काय तुला इचारून जातोय का, की तू जाऊ देणार?"

"तेच म्हणतोय मी."

त्याला वाईट म्हणत नाही मी. बापाची काळजी होती. पण काळजीच्या खाली थोडी लाजही होती, ती मला दिसत होती. कचेरीतले लोक त्याच रस्त्यानं जातात, आणि लाल गाडीवर फडकं बांधून चाललेला म्हातारा कुणाचा बाप आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरु गिऱ्हाईक शोधत होता तेवढ्या दिवसांत सिद्धप्पानं दुसरं कॅरेज केलं. ह्या वेळी अँगल नाही, पातळ पाइप. पाइपात वाळू ठासून भरायची आणि मग वाकवायचा, म्हणजे तो चपटत नाही. सामान मागं नाही, दोन्ही बाजूंना, खाली, बसणाऱ्याच्या मांडीजवळ. गाढवाच्या पाठीवर वाळूच्या गोण्या असतात तशा. मागच्या माणसाच्या पायदानाचे बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट घातले, सीटखालच्या सांगाड्याचे दोन घेतले, आणि नंबरप्लेटच्या मागनं एक आडवी पट्टी टाकून दोन्ही बाजू एकमेकींना धरवल्या. गाडीला एक भोक पाडलं नाही. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा. सिग्नलचे दिवे पिशवीमागं लपत होते, ते पट्टीवर बाहेर काढले.

आणि मुख्य गोष्ट, जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं सगळीकडं चामडं. धोटा मागाच्या एका टोकाला जोरात येऊन थडकतो, तिथं त्याला झेलायला चामड्याचा जाड पट्टा असतो. नाहीतर धोटा दिवसात फुटेल. ते जुने पट्टे सिद्धप्पाकडं डबाभर होते. त्याचे तुकडे करून त्यानं प्रत्येक बोल्टाखाली घातले. पिशव्या मी शिवल्या, ट्रकच्या ताडपत्रीच्या, दाभणानं. अंगठ्याला अजून खूण आहे.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मानसिंग म्हणून, टेंभुर्णीचा. जाडजूड, शांत माणूस. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. गुरुला म्हणाला, "गाडी झकास हाय. हे लोखंड उतरवून द्या, घिऊन जातो."

गुरु म्हणाला, "उतरवतो की लगेच."

सिद्धप्पा ओट्यावर बसला होता. तिथूनच म्हणाला, "कॅरेज उतरणार न्हाई."

"पप्पा, त्यांना नकोय ते."

"मग त्येना गाडी बी नगो. कागद माज्या नावावर हायत." मग उठला. मानसिंगला म्हणाला, "पाव्हणं, तुमी एवड्या लांबनं आलाय. च्या प्या. मी मोहोळला जाऊन येतो. मग काय ते बोलू." आणि माझ्याकडं न बघता, "अक्का, चोवीस."

भाकऱ्या मी सकाळीच बांधून ठेवल्या होत्या. का, ते मला विचारू नका.

याआधी तो गाडी काढायचा ती पहाटे, कुणी उठायच्या आत, गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेऊन. त्या दिवशी भर अकराला दारातच चालू केली. समोरचे दोन्ही ओटे भरलेले होते. एकानं विचारलं, "सिद्धप्पा, भाकरी विकाय चाललास व्हय रे?"

"व्हय. तुज्या सासुरवाडीला दिऊन येतो. उपाशी असतील," म्हणाला, आणि गेला.

दीड-दोन तास गेले. मानसिंगनं तीन चहा घेतले. गुरु आत-बाहेर करत होता. वैजयंतीनं मला हळूच विचारलं, "आत्या, येतील ना?" मी म्हटलं, टेम्पोचा आवाज ऐकू आला तर सांग मला.

टेम्पोचा आवाज आला नाही. गाडीचाच आला. सिद्धप्पानं पिशवी सोडली, फडकं ओट्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर गाठ उघडली. एकेक भाकरी उचलून ताटात ठेवली. तेवीस अखंड. चोविसावी मधोमध तडकलेली.

गुरु म्हणाला, "एक तुटली."

सिद्धप्पा ती भाकरी हातात धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावर मी तसा भाव पूर्वी बघितला नव्हता. हरल्याचा नाही. हिशेब न लागल्याचा.

मी म्हटलं, "ती काढतानाच माझ्या हातनं तडकली होती. चोवीस भरायच्या म्हणून घातली."

खरं सांगू? तशी तडकली होती की नव्हती, मला त्या दिवशीही आठवत नव्हतं आणि आजही नाही. पण बोलले ते बोलले, आणि परत वेळ आली तर परत बोलेन.

मानसिंगनं सिद्धप्पाच्या हातातनं ती भाकरी घेतली, वैजयंतीकडं शेंगाची चटणी मागितली आणि ओट्यावर बसून सगळी खाल्ली. हात झटकले. मग गुरुला म्हणाला, "सायेब, तुमचं वडील गाडी इकत न्हाईत. मला उगंच बोलिवलंसा." आणि गेला.

गुरु पंधरा दिवस बापाशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी बोलला ते एवढंच, "जायचं तर जा. पण कुठं पडलात तर मला फोन करू नका."

"तुला करून काय उपेग? तुला पाना धरता येतोय का?"

तो कोकणात गेला, अकरा दिवस. समुद्र बघितला. रोज संध्याकाळी वैजयंतीच्या फोनवर बोलायचा आणि गुरु आतल्या खोलीतनं टीव्हीचा आवाज बारीक करायचा. मी विचारलं, "समुद्र कसा हाय रे?" तर म्हणाला, "कारखान्यासारखा. थांबतच न्हाई." पुढच्या थंडीत पार दक्षिणेच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा एका पिशवीत नारळ होते आणि दुसऱ्या पिशवीत वाटेत कुणाचा तरी मोडलेला पंप, दुरुस्त करून पाठवतो म्हणून आणलेला. पाठवलाही.

मग पोरं यायला लागली. जी हसायची तीच. पुण्याहून दोघं आले, विजापूरकडनं एक आला. सगळ्यांच्या त्याच पळवायच्या गाड्या आणि सगळ्यांना लांब जायचं. सिद्रामनं दुकानाचा कोपरा त्याला देऊन टाकला. कॅरेज झालं की सिद्धप्पा पोराच्या हातात फडकं द्यायचा: मोहोळला जाऊन ये. भाकरी मोडली तर कॅरेज परत भट्टीवर. पोरं कटकट करायची, की काका, आम्ही तंबू नेणार, भाकरी नाही. तो म्हणायचा, "तंबू मोडत न्हाई म्हणून तर तुला कळणार न्हाई, कुटं काय हलतंय ते."

एकदा एक मुलगी आली. तिचा भाऊ बरोबर, तो म्हणाला, "हिला एकटीला जाऊ देणार नाही आम्ही, पण कॅरेज करा." सिद्धप्पा म्हणाला, "मग तू गाडीवर बस, तिला कॅरेज काय कामाचं?" मुलगी हसली. तिचं कॅरेज त्यानं सगळ्यात लक्ष देऊन केलं. ती एकटीच गेली असं पुढं कळलं. कुठं, ते आम्ही विचारलं नाही.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, जपा, ओझं उचलू नका, गाडी शक्यतो टाळा. सिद्धप्पानं विचारलं, "शक्यतो म्हंजे किती किलोमीटर?" डॉक्टर हसले. गुरु हसला नाही, पण वाद घातला नाही. मी वाट बघत होते, आता तो गाडीचा विषय काढणार. त्यानं काढला नाही.

फाल्गुनात मंगळवेढ्याला नवी ज्वारी येते. माझ्या भाकरीला तीच लागते. दरवर्षी सिद्धप्पाच जाऊन दोन्ही पिशव्या भरून आणायचा. गेल्या फाल्गुनात, त्याच्या शेवटच्या फेरीच्या सकाळी, तो हेल्मेट पुसत होता. गुरु कचेरीला निघाला होता. दारात थांबला, चप्पल घालता घालता म्हणाला, "पप्पा, मंगळवेढ्याला चाललाच आहात तर आमच्या साहेबांसाठी पाच किलो आणा. जड होणार असेल तर राहू द्या."

सिद्धप्पानं हेल्मेट खाली ठेवलं. "कुटं दिऊ? मागच्या दारानं का, लोकांच्या म्होरं?"

गुरु चप्पल घालून उभा राहिला. "कचेरीच्या पुढच्या दारानं. मी खाली येतो घ्यायला."

"पर गाडी लाल हाय. लोक बघतील."

"बघू दे की," गुरु म्हणाला.

तो नऊला गेला. दुपारी दोनच्या आत परत आला. वाटेत कचेरीवर थांबला होता. गुरु खाली आला, संगं साहेबही आले, आणि साहेबांनी कॅरेज वाकून बघितलं, असं तो म्हणाला. फार काही कौतुकानं नाही, जेवढं झालं तेवढं. पिशव्यांतली ज्वारी उचलू नको म्हटलं मी, तर म्हणाला, "उचलत न्हाई, ओततो." तपेली भरून भरून कोठीत ओतली. पिशव्या उलट्या करून झटकल्या, दोरीवर वाळत टाकल्या. मग पाना घेऊन खाली बसला आणि कॅरेजचा एकेक बोल्ट फिरवून बघितला, प्रत्येक फेरीनंतर बघायचा तसा. डावीकडचा खालचा अर्धा फेरा ढिला झाला होता. तो आवळला, चामडं दबेल इतकाच, आणि हात धुऊन जेवायला बसला.